आजी आहेच की घरात!

"वहिनी, आम्ही कायमचे परत येतोय. मुलांना आजीजवळ वाढवायचंय." दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून धाकट्या दिरांचा फोन आला आणि आमच्या कराडच्या घरात दिवाळीच आली. सासूबाईंनी त्याच दिवशी चकलीची भाजणी दळायला दिली!

नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. तिकडे मूल आजारी पडलं की रजा कुणी काढायची यावरून नवरा-बायकोत वाद. आजी भेटायची ती शनिवारी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. त्यामुळे त्यांचा निर्णय मला मनापासून पटला होता.

पहिला महिना कौतुकात गेला. मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. आजी मराठीत विचारणार, नातू इंग्रजीत उत्तर देणार. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे अभ्यासाला बसलं की रडारड. मुलांचा जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकेचा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डावर इथे राहता येतं, शिकता येतं, पण मोठेपणी मतदान नाही की शेतजमीन विकत घेणं नाही. सासूबाईंना धक्काच बसला. "माझा नातू आणि परका?"

पण खरी ठिणगी वेगळीच होती. दीर आणि जाऊ घरूनच काम करत, तेही अमेरिकेच्या वेळेनुसार. पहाटे झोपणार. मग सकाळी मुलांचं आवरणं, डबे, शाळेची रिक्षा? "आजी आहेच की घरात!" आजी बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांना जमलं नाही की मी. माझ्या बचत गटाच्या बैठका चुकू लागल्या. मनात धुसफूस, चेहऱ्यावर हसू.

एका दुपारी सासूबाई हळूच म्हणाल्या, "मुलांना आजी हवी म्हणून आले गं सगळे. पण तुला झेपेल का, असं आजीला कुणी विचारलं?"

मी गप्प झाले. विचारलं तर मीही नव्हतं!

रविवारी सगळे एकत्र बसलो. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरच्यांना काय विचारायचं, परकेपणा वाटेल, असं मला वाटलं." आणि नाही म्हटलं तर परकेपणा वाटेल, म्हणून आम्ही दोघी गप्प होतो!

आता सकाळची पाळी दीर-जावेने वाटून घेतली आहे, मदतीला पगारी बाई आहे. बुधवार माझ्या बैठकीचा. आजीकडे फक्त संध्याकाळ. रिक्षाने प्रीतिसंगमावर जायचं, बाकावर बसून गोष्टी सांगायच्या.

परवा नातू म्हणाला, "आजी, तू बस, मी पाणी आणते." आमच्या बायकांचंच बोलणं ऐकून शिकलाय ना! हसता हसता सासूबाईंचे डोळे भरून आले.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणी परत येणार असेल तर भाजणी जरूर दळा. पण त्याआधी कोण काय करणार, हे मोकळेपणाने बोलून घ्या. आजीला तर सगळ्यात आधी विचारा.