बरणींतला पाहुणा

जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ. पावसाळा सरतां सरतां एखादा मुलगा बागेंतून बरणींत कोळी घालून आणतो व ‘हा मी पाळणार’ म्हणून हट्ट धरतो. वडील मंडळींनीं रागावूं नये. परंतु आधीं पाहुणा ओळखावा.

जाळ्याच्या मध्यभागीं पांढरी नागमोडी नक्षी काढून, पाय जोडीजोडीनें पसरून फुलीसारखा बसतो, त्यास इंग्रजींत ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. जाळें हेंच त्याचें अन्नछत्र. बरणींत तें नीट विणतां येत नाहीं व तो उपाशी राहतो. त्यास बागेंतच पाहावें.

घरांतील भिंतीवरचा चपटा, तपकिरी, लांब पायांचा शिकारी कोळी जाळें विणीत नाहीं. रात्रीं झुरळें धरतो. रुंद बरणीच्या तोंडास विरळ फडकें बांधून त्यास आठवडाभर ठेवतां येईल. झाडाच्या सालीचा तुकडा, पाण्याचे चार थेंब व एकदोन झुरळें पुरेत. हातांत मात्र धरूं नये, चावा दुखतो. पोटाखालीं चकतीसारखी थैली दिसल्यास ती अंड्यांची. अशा मातेस तत्काळ मोकळें करावें.

आठवड्यानें पाहुण्यास जेथें धरलें तेथेंच सोडावें. मग आजीनें केरसुणी उगारतांच तोच मुलगा म्हणेल, “आजी, मारूं नको, हा झुरळें खातो.”