काउंट चांगला, तरी जपायचं का?

‘लेकीचा काउंट चार हजारांवर आलाय, तरी डॉक्टर गर्दीत नेऊ नका म्हणतात. असं का?’ रक्ताच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या मुलीच्या आईने हे विचारलं आहे.

काउंट हा हजेरीपट आहे. रक्तात पांढऱ्या पेशी किती आहेत ते त्यातून कळतं, जंतूंवर धावून जाण्याचं त्यांचं काम किती होतंय ते नाही.

हे काम पहिल्यांदा नीट पाहिलं एली मेचनिकॉव्ह यांनी, १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिना इथे. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेलेली. हे एकटे सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात हिंडणाऱ्या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर धावून जात असतील का? ते उठले, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी काट्याभोवती पेशींचा गराडा! (ही गोष्ट कितीदाही सांगायला मी तयार आहे.)

काट्यापर्यंत पोचणं, हीच मेख. न्युट्रोफिल या पांढऱ्या पेशीला आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटावं लागतं, मग फटीतून अंग चोरून बाहेर पडावं लागतं. केमोसोबतची प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं ही पकडच सैल करतात. भिंतीला चिकटलेल्या पेशी प्रवाहात येतात, काही तासांत काउंट वाढतो, पण जखमेपर्यंत पोचणाऱ्या पेशी कमी होतात. व्हिंक्रिस्टीन हे केमोचं औषध पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्या मोडतं. दिशा धरून चालायला त्याच लागतात.

न्युट्रोफिल ५००च्या खाली गेले की आणखी अवघड. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्युट्रोफिलांचा खच. पेशीच नाहीत तर पू कुठला? गळू पिकत नाही, घसा फारसा सुजत नाही, न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. बहुतेकदा उरते एकच खूण, ताप. म्हणून १००.४ फॅरनहाइट दिसलं की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. तिथे तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी कुठलीही पावडर या तासाची जागा घेऊ शकत नाही.

निरोगी मोठ्या माणसाचा बोनमॅरो रोज सुमारे शंभर अब्ज न्युट्रोफिल घडवतो. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे मुलांचा मॅरोही पुन्हा कामाला लागतो. तेव्हा आठवडाभर नुसता गुलाबी ठिपका असलेली जागा एकाएकी लाल होते, ठणकते, पू धरते. आईबाप घाबरतात. डॉक्टरांना दाखवायचंच, पण तो पू म्हणजे पेशी काट्यापर्यंत पोचल्याची खूणही असते.