मीठ सोसणारा गहू : एका शोधाचा मागोवा

खारवट जमिनीत तगणारा गहू घडवण्याची खटपट पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तरी शेतकऱ्याच्या हाती आलेले वाण मोजकेच. माझ्या मते अडचण प्रश्नाच्या मांडणीत होती. ‘मीठ सोसणे’ हा एकच गुण मानून निवड होत राहिली. प्रत्यक्षात तो अनेक गुणांचा गुंता आहे. मातीतल्या मिठामुळे मुळांना पाणी ओढणे जड जाते, सोडियम पानांत साचून ती करपतात आणि साचलेला सोडियम पेशीत बाजूला कोंडून ठेवण्याची ताकद वाणागणिक बदलते. प्रत्येक गुणामागची जनुके निराळी आहेत.

राजस्थानातल्या पाली भागातील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला खारचिया हा भारतातल्या कामाचा पाया. त्यातून आलेल्या खारचिया ६५ चा डब्ल्यूएल ७११ शी संकर करून कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने १९९० साली केआरएल १-४ हा वाण दिला. पुढे केआरएल १९, २१० आणि २१३ आले. जनुक न ओळखताही हे साधलेच की, असे कोणी म्हणेल. साधले खरे, पण गुणाचे जनुक ठाऊक नसेल तर प्रत्येक नव्या संकराची पारख खारवट रानातच करावी लागते, रोपात नव्हे.

जनुकाची वाट ड्युरम गव्हाने दाखवली. आपला बन्सी याच गटातला. भाकरी-पावाच्या गव्हात डी जनुकसंचातील ४डी गुणसूत्रावर सोडियम रोखणारे ‘केएनए१’ आहे. ड्युरममध्ये तो संचच नाही, म्हणून त्याच्या पानांत सोडियम जास्त साचतो. ऑस्ट्रेलियात राना मन्स आणि सहकाऱ्यांनी खारट पाण्यावर वाढवलेल्या रोपांच्या तिसऱ्या पानातला सोडियम मोजला. त्यात ‘लाइन १४९’ वेगळी ठरली. जुन्या संकरातून तिच्यात ट्रिटिकम मोनोकॉकम या प्राचीन गव्हाची ‘नॅक्स१’ आणि ‘नॅक्स२’ ही जनुकस्थाने आली होती. ‘नॅक्स२’मुळे मुळातल्या जलवाहिनीत चढणारा सोडियम वाटेतच काढून घेतला जातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या शेतचाचणीत खारवट जमिनीवर ते जनुकस्थान असलेल्या ड्युरमने ते नसलेल्या भावंड-वाणापेक्षा २५ टक्के अधिक उत्पादन दिले.

यावर दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, भाकरी-पावाच्या गव्हात पानांतला सोडियम कमी म्हणजे सहनशीलता जास्त, असे सरळ नाते ऑस्ट्रेलियातल्याच २००७ च्या अभ्यासाला आढळले नाही. त्याने माझे म्हणणे बळकटच होते : तिथे सोडियम रोखणारे जनुक आधीच आहे, तेव्हा उरलेला फरक दुसऱ्या गुणांत शोधायला हवा. दुसरा आक्षेप जमीनच सुधारावी हा. चोपण जमिनीत जिप्सम आणि खारवट जमिनीत निचरा हवाच. पण खालच्या थरातल्या मिठापर्यंत जिप्सम सहज पोचत नाही आणि विहिरीचे पाणीच खारे असेल तर मीठ पुन्हा वर येते. एकटे जनुक जमीन वाचवणार नाही आणि एकटी जमीनसुधारणा प्रत्येक रानाला पुरणार नाही. म्हणून संशोधनाचा पैसा एकेका गुणाचे जनुक ओळखून ती सारी जनुके एका वाणात एकत्र आणण्यावर लागला पाहिजे, आणि खारचियासारखे स्थानिक वाण त्यासाठी आधी जपले पाहिजेत.