गॅस गिझर घरात आहे? मग आधी मोरीची खिडकी पाहा

2018 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जायचे म्हणून अंबरनाथच्या आमच्या एका स्नेह्यांकडे परभणीकडचे पाहुणे उतरले होते. पहाटेची लोकल धरायची, तेव्हा चार वाजताच आंघोळी सुरू झाल्या. चार फूट बाय चार फुटांची मोरी आणि आतच भिंतीला टांगलेला गॅस गिझर. गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. एकामागून एक सहा जण आंघोळ करून निघाले. सर्वांचा चहा, वाटेतले डबे उरकून घरच्या वहिनी शेवटी आत गेल्या. थोड्या वेळाने बादली कलंडल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. कडी तोडून दार उघडले तर वहिनी बेशुद्ध पडलेल्या.

कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल हुंगवायला धावले. शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "पहाटेची वेळ आहे, बाहेरचं काही असेल." थोरल्या मुलाने मात्र कोणाचे न ऐकता आईला उघड्यावर आणले आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "गिझर मोरीच्या आत आहे का?" प्राणवायू लावला आणि वहिनी वाचल्या. पुढे विहारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, आठ दिवस आंघोळ केली की डोकं दुखायचं. मला वाटलं, दगदगीनं असेल."

सर्वांचेच नशीब असे नसते. जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला आंघोळीस गेलेली पंधरा वर्षांची एक मुलगी गॅस गिझरमुळे दगावली. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर मांडत आहे.

आपल्या भागात हा गिझर घरोघरी का आला, ते उघड आहे. बदलापूर-अंबरनाथकडे थंडी मुंबईपेक्षा जास्त. पहिल्या पाळीचा कामगार आणि पहाटेच्या लोकलचा नोकरदार, दोघांनाही गरम पाणी तत्काळ हवे. विजेच्या गिझरचे बिल परवडत नाही आणि भारनियमनाचे दिवस आपण विसरलेलो नाही. उल्हासनगरच्या बाजारातून गॅसचा गिझर आणायचा, प्लंबरकडून खिळ्याला टांगायचा, झाले! वस्तू वाईट नाही. पण ती कशी चालते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे.

गिझर चालतो कसा?

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि गॅसची वाट उघडते. सेलमुळे ठिणगी पडते, बर्नर पेटतो आणि तांब्याच्या नळीतून जाणारे पाणी तापते. नळ बंद केला की ज्योत विझते. म्हणून पाण्याला जोर नसेल तर गिझर पेटत नाही. पोटमाळ्यावरच्या टाकीचे पाणी बहुधा पुरे पडत नाही, गच्चीवरची टाकी लागते. नुसती टिक-टिक होऊन ज्योत येत नसेल तर नळ बंद करावा, दार उघडून थोडे थांबावे, मग सेल तपासावेत. पुन्हा पुन्हा नळ फिरवीत राहू नये.

आता कारकुनी डोक्याने हिशेब मांडतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. शेगडीच्या पाच-सहा बर्नरांएवढी ही आग आहे. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. चार बाय चारच्या, आठ फूट उंच मोरीत हवा असते साडेतीन घनमीटर. एका माणसाने पाच मिनिटे गिझर चालविला की एक घनमीटर हवा कामी आली. दार-खिडकी बंद असेल तर तीन-चार जणांत मोरीची हवा संपते. त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी पडून गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू विषारी आहे. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, त्यामुळे गळती कळते. पण जळलेल्या गॅसला तो वास राहत नाही. "वास आला की बंद करू" ही समजूत येथेच घात करते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. उठून कडी काढण्याचीही शक्ती उरत नाही. काहींना फिट येते. मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. कारण न शोधता घरचे लोक मिरगी म्हणतात, कोणी देवऋष्याकडे नेतात. बुद्धाने आपल्याला कारणाशिवाय कार्य नाही हे शिकविले. मोरीत बाई पडली तर कारण मोरीतच शोधले पाहिजे.

आणि ते कारण सर्वांत जास्त कोणाला गाठते? जो शेवटी आंघोळ करतो त्याला. आपल्या घरांत शेवटी आंघोळ करते ती घरची बाई! सर्वांच्या आंघोळींनी साठलेली विषारी हवा तिच्या वाट्याला येते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. आपल्या घरातली माउली मोरीतून सुखरूप बाहेर येते की नाही, हेही त्या मापात धरायला हवे.

काय करावे?

पहिली आणि मुख्य गोष्ट, गिझर मोरीच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. सिलिंडरही मोरीत नको. तो बाहेर, उभाच ठेवावा. शेगडीच्या नळीला टी जोडून गिझर चालवू नये.

भाड्याच्या खोलीत किंवा चाळीत ते जमत नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आत जाऊन दार लावावे. आंघोळ चालू असताना गिझर चालू नको, हा नियम लहान-थोर सर्वांना लावावा. खिडकीचा पुठ्ठा आजच काढावा. आडोसा हवा असेल तर झरोक्याला जाळी लावावी. काही गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण बंद मोरीत वीस मिनिटे फार झाली.

बादलीने पैसाही वाचतो. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे 55 ते 60 ग्रॅम गॅस लागतो. रोज पाच बादल्या धरल्या तर 14.2 किलोचा सिलिंडर दीड महिना पुरतो. शॉवरखाली उभे राहिले की हा हिशेब कोलमडतो.

देखभाल अशी ठेवावी. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर गिझर बंद ठेवून जाणकार मेकॅनिकला बोलवावे. जोडांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नये. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी, तडे गेले तर त्याआधीच. पाणी येते तेथली जाळी अधूनमधून धुवावी. बोअरचे पाणी असेल तर आत क्षार साचतात, म्हणून थंडीपूर्वी वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्यावे. उन्हाळ्यात सेल काढून ठेवावेत. नवा गिझर घेताना आयएसआय खूण आणि आयएस 15558 हा क्रमांक पाहून घ्यावा. इमारतीत पाइपचा गॅस आला असेल तर सिलिंडरचा गिझर तसाच त्याला जोडू नये. दोन्ही गॅस निराळे आहेत.

कोणी मोरीत पडलेच तर दार-खिडक्या उघडाव्या, गॅस बंद करावा, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि 108 ला फोन करून थेट रुग्णालयात न्यावे. "गॅस गिझर चालू होता" हे डॉक्टरांना आधी सांगावे. गॅस गळतीसाठी 1906 हा क्रमांक दारामागे लिहून ठेवावा.

अंबरनाथच्या त्या घरात आता गिझर गॅलरीत आहे. वहिनी विहारात आलेल्या प्रत्येक बाईला विचारतात, "ताई, तुमचा गिझर कुठं हाय?" येत्या रविवारी वंदना झाल्यावर प्रत्येक महिला मंडळाने हा एकच प्रश्न आपल्या वस्तीत विचारावा, एवढीच विनंती.

जयभीम!