फोर बाय फोर असूनही गाडी चिखलात का अडकते? जुन्या जिप्सी-थारसाठी ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’ निवडण्यापूर्वी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर हे दृश्य हमखास दिसतं. पाण्याने रस्त्याच्या मधोमध खोल चर पाडलेली असते. जुनी जिप्सी ती तिरकी ओलांडायला जाते. पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं चाक हवेत. लिव्हर ‘फोर लो’मध्ये आहे, इंजिन ओरडतंय, हवेतली दोन्ही चाकं गरागरा फिरतायत, पण जमिनीवर टेकलेली दोन चाकं मात्र ढिम्म. शेवटी दोरखंड निघतो आणि मागून आलेली गाडी ओढून काढते.

त्या रात्रीच मालकाच्या डोक्यात विचार येतो, ‘आता डिफरन्शियल बदलून टाकायचं.’ पण काय टाकायचं? लिमिटेड स्लिप की लॉकर? पुढे की मागे? निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय तीच गाडी ओल्या घाटात अवघड वागू लागते. म्हणून आधी हे प्रकरण नेमकं काय आहे, ते समजून घेऊया.

चार चाकं फिरतात, मग गाडी अडकते का?

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर टायर घासतील आणि गाडी वळायला विरोध करेल. म्हणून ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल असतं. त्यातले स्टार गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात.

अडचण अशी की साधं, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतं. कमी पकड असलेलं चाक जेवढा जोर पेलेल, तेवढाच दुसऱ्याला मिळतो. एक चाक हवेत गेलं की त्याची पकड शून्य आणि खडकावर टेकलेल्या दुसऱ्या चाकाचा वाटाही शून्य.

जिप्सीसारख्या जुन्या गाड्यांत फोर बाय फोरचा लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जोडला जातो. पण प्रत्येक ॲक्सलवरचं डिफरन्शियल ओपनच राहतं. त्यामुळे तिरकी दोन चाकं उचलली गेली की खेळ संपला.

लिमिटेड स्लिप नेमकं काय करतं?

नावाप्रमाणेच ते एका चाकाच्या मोकाट फिरण्यावर मर्यादा घालतं. जुन्या गाडीसाठी मुख्यतः तीन पर्याय समोर येतात.

१. क्लच प्लेटवालं : यात स्टार गिअरच्या बाजूला छोट्या प्लेट असतात आणि त्या स्प्रिंगने आधीच थोड्या दाबलेल्या असतात. या दाबाला ‘प्रीलोड’ म्हणतात. चाक हवेत गेलं तरी प्रीलोडच्या आधाराने दुसऱ्या चाकाला थोडाफार जोर मिळतो. तोटा म्हणजे प्लेट झिजतात, ठरावीक काळाने बदलाव्या लागतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो.

२. हेलिकल गिअरवालं : टॉर्सन हे यातलं सर्वात परिचित नाव. यात प्लेट नसतात, तिरक्या दातांचे गिअरच काम करतात. कमी पकडीच्या चाकाच्या ठरावीक पट जोर ते दुसऱ्या चाकाला देतं. झीज कमी, वळताना काम सहज.

३. लॉकर : हे लिमिटेड स्लिप नव्हे. हे दोन्ही चाकं पूर्ण बांधून टाकतं. काही आपोआप लागतात, तर काही एअर लॉकरसारखे बटण दाबल्यावर हवेच्या दाबाने लागतात.

आकड्यांत पाहू

समजा, डावं चाक चिखलात आहे आणि २०० न्यूटन मीटरपर्यंतच जोर पेलू शकतं. उजवं चाक खडकावर आहे.

• ओपन डिफरन्शियल : २०० + २०० = ४०० न्यूटन मीटर.
• २.५ पट जोर देणारं हेलिकल : २०० + ५०० = ७०० न्यूटन मीटर.
• लॉकर : डावं चाक २०० वर थांबलं तरी उजव्या चाकाला त्याची पकड आणि इंजिन साथ देईल तेवढा जोर.

आता डावं चाक हवेत गेलं असं समजा. ओपनमध्ये बेरीज शून्य. हेलिकलमध्ये? शून्याच्या अडीच पट, म्हणजे शून्यच. महागडं हेलिकल बसवूनही गाडी त्याच चरीत का अडकली, याचं उत्तर इथे आहे.

हँडब्रेकची युक्ती

हेलिकल असेल तर अशा वेळी हँडब्रेक हलका ओढतात. समजा, ब्रेकने मागच्या दोन्ही चाकांवर १०० न्यूटन मीटरचा अडथळा आला. हवेतल्या चाकाला आता १०० चा ‘आधार’ मिळाला, म्हणून दुसऱ्या चाकाला २५० मिळाले. त्यातले १०० ब्रेकने खाल्ले, तरी १५० गाडी पुढे ढकलायला उरले.

हीच युक्ती ओपन डिफरन्शियलवर केली तर १०० मिळतात आणि ब्रेक तेच १०० खातो. हाती शून्य. आणखी एक लक्षात ठेवा : विलीससारख्या काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. तिथे ही युक्ती चालणारच नाही.

मग तुमच्या गाडीला काय?

पहिला प्रश्न ब्रँडचा किंवा किमतीचा नाही. तुमचं चाक घसरतं की उचललं जातं, हा आहे.

शेताचा रस्ता, चिखल, ओलं गवत, रेती : चाकं जमिनीवर असतात, पण पकड कमी असते. इथे मागच्या ॲक्सलवर हेलिकल किंवा प्लेटवालं लिमिटेड स्लिप पुरतं.

खडक, खोल चर, ओढ्याचं पात्र : इथे चाक उचललं जातं. हवं तेव्हाच लागणारा लॉकर इथे खरा उपयोगी. तो बंद असताना गाडी रस्त्यावर नेहमीसारखीच चालते.

रोजचा वापर आणि अधूनमधून ट्रेल : ओल्या डांबरावर गाडी कशी वागेल, याचा विचार आधी करा.

ओल्या घाटात काय बदलतं?

ओपन डिफरन्शियल असताना वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर आतलं चाक घसरतं, पण बाहेरचं चाक गाडीला धरून ठेवतं. कडक प्लेटवालं लिमिटेड स्लिप किंवा आपोआप लागणारा लॉकर असेल तर दोन्ही चाकं एकदम पकड सोडू शकतात. मग गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आणि वजन साधारण एक टन. अशी आखूड, हलकी गाडी झटकन फिरते. आडव्या उतारावरच्या चिखलातही हाच धोका आहे. दोन्ही चाकं फिरू लागली की गाडी दरीच्या बाजूला सरकते.

म्हणून घाटातून रोज ये-जा असेल तर हेलिकल किंवा बटणावरचा लॉकर जास्त सुरक्षित. पुढच्या ॲक्सलवर प्रयोग करण्याआधी मागचा करून पाहा. पुढे काही टाकलं की स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या सांध्यांवरचा ताण वाढतो.

थार घेतली असेल तर आधी खाली वाकून बघा

२०१५ च्या फेसलिफ्टमध्ये थार सीआरडीईला मागच्या ॲक्सलवर ईटनच्या मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलचा पर्याय मिळाला. डाव्या-उजव्या चाकांच्या गतीत साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की ते झटक्यात लॉक होतं. ताशी साधारण ३० किमीच्या वर ते लागत नाही. त्यामुळे चाक उचललं की घाबरून पाय काढू नका. चाक जरा फिरू द्या, ‘खट्’ असा आवाज येईल आणि गाडी निघेल. सेकंडहँड थारमध्ये हे आधीच असेल तर नवीन खर्चाची गरजच नाही.

२०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून असाच परिणाम साधतात. पण त्यासाठी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा लागते. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत ती बसवणं व्यवहार्य नाही.

पैसे देण्यापूर्वी या ५ गोष्टी तपासा

१. नोंदणी : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. गाडी त्या उंबरठ्यावर असेल तर आधी ते काम उरका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. काही बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

२. ॲक्सलची मापं : ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइन मोजा, क्राउन-पिनियनचा रेशो तपासा. पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. ‘बसेल हो’ या शब्दावर भाग मागवू नका.

३. टायर : एकाच ॲक्सलवर एक नवा, एक झिजलेला टायर असेल तर प्लेट सरळ रस्त्यावरही घासत राहतात. अनेकदा चांगले टायर आणि ट्रेलवर थोडी कमी हवा एवढ्यानेच निम्मं काम होतं.

४. मिस्त्री : हे काम नट-बोल्ट खोलून बदलण्याइतकं सोपं नाही. शिम लावून बॅकलॅश बसवावा लागतो, बेअरिंगचा प्रीलोड आणि दातांवरचा ठसा तपासावा लागतो. यात चूक झाली की क्राउन-पिनियन कण्हायला लागतं आणि काही दिवसांत दात जातात.

५. तेल : कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा. ओढा ओलांडल्यावर प्लग उघडून पाहा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, लगेच बदला.

बसवलेलं आहे की नाही, कसं ओळखाल?

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचा ॲक्सल स्टँडवर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू व्हीलमध्ये ठेवा. हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर प्रीलोड असलेलं लिमिटेड स्लिप आहे. उलट फिरलं तर डिफरन्शियल ओपन आहे किंवा प्लेट संपल्या आहेत. हेलिकल आणि ईटनचं लॉकिंग मात्र या चाचणीत ओपनसारखंच वागू शकतं. तेव्हा हौसिंगवरची पट्टी किंवा गाडीची कागदपत्रं पाहा.

आणि एक इशारा. लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीचं एकच चाक जॅकवर घेऊन इंजिन सुरू ठेवत गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी घेते. चिखलातून गाडी बाहेर काढणारा गुण गॅरेजमध्ये जिवावर बेतू शकतो.