डिजिटल शिकायचंय? मग सुरुवात ॲनालॉगपासून करा!

‘ॲनालॉग इतिहासजमा झालं, त्यात वेळ कशाला घालवायचा?’ प्रश्न वाजवी वाटतो, पण हवेतून किंवा तारेतून धावते ती शेवटी सतत बदलणारी लहरच. मोबाइल ० आणि १ पाठवतो म्हणजे वाहक लहरीचा आयाम आणि कला (फेज) ठरावीक पायऱ्यांनी बदलतो. ४जी-५जीमधलं ‘क्वाम’ नावाचं मॉड्युलेशन तंत्र हेच करतं. एएम-एफएम पक्कं असेल, तर त्यात नव्या असतात त्या फक्त पायऱ्या. दोन्ही जगांमधला पूल टेलिफोनमध्ये स्पष्ट दिसतो. आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा पट्टा घ्यायचा, सेकंदाला ८००० नमुने टिपायचे, म्हणजे सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून जास्त, आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडायचा. झाले सेकंदाला ६४,००० बिट!

‘एवढ्या बिटांना बँडविड्थ जास्त लागणार, मग फायदा काय?’ हा आक्षेप खराच आहे. शिवाय नमुना जवळच्या पायरीवर बसवताना थोडी चूक कायमची राहते. पण लांबच्या मार्गावर ॲनालॉग ॲम्प्लिफायर संदेशासोबत गोंगाटही वाढवतो आणि तो टप्प्याटप्प्याने साचत जातो. डिजिटल रिपीटर फक्त ‘० की १’ एवढंच ठरवतो आणि कोरा करकरीत संदेश पुढे धाडतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये दाखवलं, की वाहिनीच्या क्षमतेहून कमी वेगाने पाठवलं, तर योग्य कोडिंगने चुका हव्या तितक्या कमी करता येतात. ती क्षमता ठरते बँडविड्थ आणि सिग्नल-गोंगाट गुणोत्तरावर, म्हणजे पुन्हा ॲनालॉग राशींवरच. म्हणून आधी लहर, मग नमुने, शेवटी बिट. हा क्रम उलटा केला, तर सूत्रं पाठ होतील, पण अर्थ हाती लागणार नाही.