हाडांना चकवणारे दोन इलेक्ट्रॉन

पडलेला दुधाचा दात आपल्याकडे कौलांवर टाकतात, अमेरिकेत उशीखाली ठेवतात. सेंट लुईस शहरातील मुले मात्र डिसेंबर १९५८ पासून तो शास्त्रज्ञांकडे पाठवू लागली. बदल्यात ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे तीन लाख दात जमले. त्यांत शोधायचे होते ते स्ट्रॉन्शियम-९०.

तेव्हा अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर होत. त्यांतून उडालेले हे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर गवतावर पडे, गाईच्या पोटात जाई आणि दुधातून मुलांपर्यंत पोहोचे. पण ते हाडांत आणि दातांतच का मुक्काम ठोकते?

कारण इलेक्ट्रॉनच्या मांडणीत आहे. अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन थराथराने असतात. कॅल्शियमचे २० इलेक्ट्रॉन २, ८, ८, २ असे बसतात. स्ट्रॉन्शियमचे ३८ इलेक्ट्रॉन २, ८, १८, ८, २ असे. स्ट्रॉन्शियमचा अणू थोराड, त्याला एक थर जास्त. पण सर्वांत बाहेर दोघांकडेही दोनच, आणि इतर अणूंशी देवघेव होते ती या बाहेरच्यांचीच. दोन्ही मूलद्रव्ये ते दोन इलेक्ट्रॉन सोडून देतात. शरीराची गाठ पडते ती या बाह्यरूपाशी. आतले अणुकेंद्र स्थिर आहे की किरणोत्सारी, हे कळायला त्याला मार्गच नाही. आतडी कॅल्शियमला झुकते माप देतात खरी, पण स्ट्रॉन्शियम पूर्ण गाळून टाकणे त्यांना जमत नाही. मग वाढत्या हाडांत ते जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे, म्हणजे हाडांच्या आणि रक्ताच्या कर्करोगाची टांगती तलवार.

डॉ. लुईस राइस यांनी १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पहिले निष्कर्ष मांडले. चाचण्या वाढल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढले होते. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली व अंतराळात चाचण्या न करण्याचा करार केला. तो केवळ दातांमुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण आईबापांच्या मनातली धास्ती त्यामागे नक्कीच होती.

याच चकव्याचा डॉक्टरांनी उपयोगही करून घेतला आहे. कर्करोग हाडांत पसरून असह्य वेदना होत असतील, तर काही रुग्णांना स्ट्रॉन्शियम-८९चे इंजेक्शन देतात. रोगट जागी नवे हाड वेगाने बनत असते, तिथे हे औषध आपणहून ओढले जाते. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५० दिवस. तरीही आधी रक्तपेशी मोजून घेतात, कारण शेजारच्या अस्थिमज्जेलाही मार बसतो.